खोकला गाळलेलं भजन

माझ्या सासऱ्यांचा खोकला एका कंपनीने गाळून टाकला, आणि तो परत ऐकायला मला भर पितृपक्षात नाशिकच्या गंगापूर रोडवरून विंचूरच्या कांदा मार्केटात जावं लागलं. सोबत बायको, तिच्या मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या, आणि त्यातलं थेंबभर सांडलं तर बघा, अशी माझ्यावर ठेवलेली नजर. आता कुणी म्हणेल, हा नेहमीसारखा फुगवतोय. फुगवतो मी, नाही कशाला म्हणू? आमच्या मळ्यातल्या दोडक्याला धरून मी एकदा विहिरीत उतरलो होतो, असं पाहुण्यांना सांगतो. पण खोकल्याच्या बाबतीत पदरचं काही घालायची गरजच पडलेली नाही. कंपनीनेच सगळी सोय केली.

सासरे सायखेड्याचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवसभर शेत आणि संध्याकाळी देवळात भजन. आवाज असा, की त्यांनी इकडे तान घेतली की नदीपलीकडे चांदोरीतल्या बायका चुलीवरचं दूध उतरवून दारात यायच्या, आपल्याला कोण हाक मारतंय बघायला. त्यांच्या भजनी मंडळाची एकदा कॅसेट निघाली. नाशकातल्या एका स्टुडिओत अख्खं मंडळ टेम्पोत बसून आलं. बायको तेव्हा शाळेत होती. अण्णांचा घसा सकाळपासून धरलेला, म्हणून आईने तिला तांब्या देऊन सोबत पाठवलं. तिचं काम एवढंच, की अण्णांच्या मागे गुपचूप बसायचं आणि त्यांनी हात मागे केला की तांब्या द्यायचा.

शेवटून दुसऱ्या अभंगात तसं झालं. ऐन कडव्यात अण्णांना खोकला आला. पखवाज चालूच राहिला, टाळ चालूच राहिले. दोन ठसके, मग घोटभर पाणी पिण्याइतकी जागा, आणि मग तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज, टण्ण. तो तांब्या बायकोने ठेवला होता. जरा जोरातच ठेवला गेला. लगेच अण्णांनी ओळ उचलली आणि पुढे निघाले. स्टुडिओवाला म्हणत होता पुन्हा घेऊ, पण वीणेकऱ्याची शेवटची एसटी होती, तो वीणा खोळीत घालून उभाच राहिला. मग काय, खोकला राहिला कॅसेटमध्ये, टण्णही राहिला. नंतर त्याच कॅसेटची सीडी निघाली, तिच्यातही दोन्ही राहिले.

अण्णा गेल्यापासून बायकोने एक रीत सुरू केली. श्राद्धाचा खरा विधी सायखेड्याला, तिच्या धाकट्या भावाकडे. आमच्याकडे त्यांच्या तिथीला नुसतं पान वाढायचं: खीर, वडे, आळूची भाजी, गवारी, कढी. पान वाढलं की ती अल्बम लावते आणि हातात तांब्या घेऊन उभी राहते. शेवटून दुसरा अभंग येतो, अण्णा खोकतात, आणि तिकडे टण्ण वाजला की ती इकडे पानाशेजारी तांब्या ठेवते. मग कावळ्याला घास, मग आम्हाला जेवण. हे शास्त्रात कुठे लिहिलंय, असं मी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. त्या दिवशी कावळा माझ्या आधी जेवला होता आणि मी कावळ्याच्या बऱ्याच नंतर.

आता या सगळ्यात माझी अक्कल कुठे शिरली ते सांगतो.

आमचा मळा गंगापूर रोडला लागून. मळा म्हणायचा एवढंच. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधे आमचा झेंडू आणि टोमॅटो असा बसलाय, जसं लग्नाच्या मांडवात कुणी चुकून गाय बांधावी. वरच्या मजल्यांवरून लोक आमच्या भाजीचे फोटो काढतात आणि भाजी मात्र मोबाइलवरून मागवतात. त्यांचं पाहून पाहून मलाही वाटलं, आपणही काळाबरोबर राहावं. घरातला टेपरेकॉर्डर उंदरांनी आतून खाल्ला होता. सीडीचं यंत्र टाळ वाजवल्यासारखा स्वतःच आवाज करायला लागलं होतं. आणि एके दिवशी मोबाइलवर मला काय दिसावं? अण्णांचा अल्बम! गाणी विकणाऱ्या एका कंपनीच्या दुकानात, चित्रासकट, ‘खरेदी करा’ असं हिरवं बटण लावून. वर लिहिलेलं, ध्वनी सुधारित आवृत्ती.

मी बटण दाबलं. पैसे गेले, अल्बम आला. मी अंगणात अशा ऐटीत उभा राहिलो, की जणू गोदावरीचं पाणी मीच सोडलंय.

“आता कॅसेट नको, सीडी नको. अण्णा माझ्या खिशात.”

बायको म्हणाली, “नक्की राहील ना त्यात?”

“सात जन्म राहील.”

“तुमचा मागचा फोन ठिबकच्या टाकीत पडला होता.”

“अगं, फोन पडला तरी गाणी पडत नाहीत. ती वर असतात. कंपनीकडे. विकत घेतलंय आपण.”

मी अल्बमातला पहिला अभंग लावून दाखवला. अण्णांचा आवाज असा लखलखीत आला, की बायकोचे डोळे भरले. तिथेच ऐकणं थांबलं, कारण दूध उतू गेलं. शेवटून दुसऱ्या अभंगापर्यंत कुणी पोचलंच नाही. हे लक्षात ठेवा.

त्या हंगामात टोमॅटोवर पाखरं अशी तुटून पडली होती, की आम्ही पाखरांसाठीच लावलाय असा त्यांचा समज झाला असावा. आमच्याकडे त्यावर उपाय ठरलेला. जुन्या कॅसेटची पट्टी काढायची आणि बांबूंमधून वाफ्यावर ताणून बांधायची. वाऱ्यावर ती फुरफुरते, उन्हात चमकते, पाखरं बिचकतात. सीडी असली तर दोऱ्याने टांगायची, ती गरगर फिरून पाखरांच्या डोळ्यांवर कवडसे मारते. सगळ्यांच्या मळ्यात असं असतं. घरातल्या सगळ्या कॅसेटा संपल्या, पण दोन वाफे उरले. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं.

“नक्की ना?” तिने पुन्हा विचारलं.

“वर आहे गं. कंपनीकडे.”

अण्णांच्या कॅसेटची पट्टी तिने स्वतःच्या हाताने बांधली. गाठी अशा घट्ट, की भर वादळात बांबू हलले, पण गाठ हलली नाही. सीडीला मी तापवलेल्या सळईने आणखी एक भोक पाडलं आणि शेवटच्या बांबूला टांगली. वारा सुटला की अण्णा टोमॅटोवर गुणगुणायचे. पाखरं पळाली म्हणता? साळुंक्या तर दुपारच्या ओळीने येऊन बसायला लागल्या. टाळ तेवढे द्यायचे बाकी होते.

मग पितृपक्ष आला, तिथी आली. पान वाढलं. मी मोबाइल पाटाजवळ ठेवला आणि बायको तांब्या घेऊन उभी राहिली. अभंग झाले. शेवटून दुसरा लागला. कडवं आलं. मी तिच्याकडे पाहत होतो, ती मोबाइलकडे.

अण्णांनी ओळ म्हटली आणि पुढची ओळ म्हटली. मधे काहीच नाही. गुळगुळीत. नवा डांबरी रस्ता केल्यावर जुनी ओळखीची विहीर दिसेनाशी व्हावी, तसं.

“मागे घ्या,” ती म्हणाली.

मी मागे घेतलं. पुन्हा तसंच.

“अहो, खोकला कुठे गेला?”

“असेल पुढे.”

“पुढे कसा असेल? अण्णा काय वेगळ्या ठिकाणी खोकतील?”

तिसऱ्यांदा लावलं. अभंग संपला, शेवटचा अभंगही संपला, आणि मोबाइलने आपल्या मनाने कुठल्यातरी कोंबडीच्या मसाल्याची जाहिरात लावली. पितरांच्या पानासमोर. बायको तांब्या घेऊन तशीच उभी. ठेवेना. तो ठेवायचा कधी, हे सांगणारा माणूसच गेला होता. आणि त्याच्यापाठोपाठ स्टुडिओत त्याच्यामागे बसलेली शाळकरी पोरगीही गेली होती. त्या अख्ख्या अल्बममध्ये तिचा म्हणून तेवढाच एक आवाज होता.

आता माझं डोकं फिरलं. ध्वनी सुधारित! कुणी सांगितलं होतं सुधारायला? मी तुम्हाला वांगी विकतो, तेव्हा तुमच्या घरी येऊन देठ कापून जातो का? बरं, सुधारलं तर सुधारलं, एखाद्या यंत्राला वाटलं असेल खोकला म्हणजे कचरा. पण त्या यंत्राला कोण समजावणार, की बाबा रे, अख्ख्या भजनातला हाच दाणा होता, बाकीचं आम्हाला पाठ आहे!

मला वाटलं, अल्बम पुसून पुन्हा उतरवून घेतला तर कदाचित जुना येईल. पुसला. झटक्यात पुसला गेला, त्या कामाला त्यांचं दुकान फार तत्पर. पुन्हा घ्यायला गेलो तर पडद्यावर मजकूर: ‘हा संग्रह आता खरेदीसाठी उपलब्ध नाही. मासिक वर्गणीच्या योजना पाहा.’ म्हणजे माझे पैसे गेले, अल्बम गेला, खोकला तर आधीच गेला होता, आणि वर मला दर महिन्याला वर्गणी भरून दुसऱ्यांची गाणी ऐकायचं आमंत्रण! उद्या मी टोमॅटो विकून रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरलो आणि म्हटलं, भाजीतल्या फोडी काढून द्या, माझं धोरण बदललंय, तर मला काय हार घालतील?

मी ग्राहक सेवेला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. मग यंत्रातली बाई हिंदीत बोलली. मग बासरी लागली. बासरी अशी चालली, की अंगणातली आमची गाय पान्हावली. अखेर एक पोरगी आली.

“सर, तुमची तक्रार काय आहे?”

“माझे सासरे खोकत नाहीयेत.”

“सर, ही तर चांगली गोष्ट आहे ना?”

“बाई, ते वारलेत.”

मग ती म्हणाली, “आमच्या वरिष्ठांचा तुम्हाला कॉल येईल सर,” आणि गेली.

आम्ही मळ्यात धावलो. पट्टी उन्हाने पांढरी पडली होती, जागोजागी तुटून टोमॅटोच्या वेलांत गुंतली होती. सीडी साबणाने धुतली, पुसली, शेजारच्या इमारतीतल्या काकांच्या जुन्या यंत्रात घातली. यंत्राने ती दोनदा चावली आणि थुंकली. काका म्हणाले, “यावर पाखरं बसलीत का हो?” मी म्हटलं, “बसलीत. श्रोते म्हणून.” बायको हसली नाही. तिच्या हातात अजून तांब्या होता. घरातून बाहेर पडताना तिने तो खाली ठेवलाच नव्हता.

मग तिलाच आठवलं. अण्णांनी एक कॅसेट तिला दिली होती आणि एक तिच्या भावाला. भावाची कॅसेट कुठेही हरवली नव्हती, कारण हरवणं तिच्या हातातच नव्हतं. ती त्याच्या ट्रॅक्टरच्या टेपमध्ये कैक वर्षांपूर्वी अडकली, ती अडकलीच. बाहेर काढायचं बटण तुटलेलं. एक बाजू संपली की टेप आपोआप दुसरी बाजू लावतो, आणि अशा रीतीने माझा मेव्हणा नांगरताना, पेरताना, कांदे वाहताना एकच अल्बम ऐकतो. त्याचे बैल असते तर त्यांना आळंदीला नेऊन बसवावं लागलं असतं.

तिने त्याला फोन लावला. “कुठे आहेस?”

“इंचूरला. मार्केटात. पान घरी वाढून ठेवलंय बायकोनी, लिलाव झाला का निघतोच.”

“तिथेच थांब. ट्रॅक्टर बंद करू नको.”

“बंद केल्यावं चालूच कुठं होतो तो, ताई? बॅटरी बसलीय. धक्का मारावा लागतो.”

तर असे आम्ही निघालो. मी गाडी चालवतो आणि बायको तांब्या धरून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी पाळण्यातलं मूल जपावं तसा जपला. मागून येणारे ट्रकवाले मला काय काय म्हणाले ते पितृपक्षात लिहिण्यासारखं नाही.

मार्केटात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. नुकतीच पुढे सरकत होती, म्हणून सगळ्यांची इंजिनं चालू. मेव्हणा आपल्या ट्रॅक्टरवर बसलेला, मागे ट्रॉलीत कांद्याचा डोंगर, आणि टेपमधून अण्णा गातायत. म्हणजे गात असणार. इंजिनाच्या धडधडीत त्यांचं तोंड हलतंय एवढंच जाणवावं, अशी गत. बायको साडी खोचून ट्रॅक्टरवर चढली आणि टेपला कान लावून बसली.

“काय कळतंय?” मी खालून ओरडलो.

“धडधड!”

“दाजी,” मेव्हणा मला म्हणाला, “तुमच्या फोनातले अण्णा कुठं गेले?”

“सुधारले.”

“आं?”

“सुधारले म्हटलं! इंजिन बंद कर.”

“इंजिन बंद केलं का टेप बंद. बॅटरी नाय म्हटलं ना.”

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हे ऐकलं. तो वायरी घेऊन उतरला, आपल्या बॅटरीतून याच्या बॅटरीला जोडल्या. याचं इंजिन बंद झालं, टेप चालू राहिला. पण पुढची इंजिनं? मागची? मेव्हणा ट्रॉलीवर चढला, कांद्यांवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “दोन मिनटं बंद करा रे! माझ्या ताईला अण्णांचा खोकला ऐकायचाय!”

मला वाटलं, आता मार खायचा. पण पुढून एक जण म्हणाला, “कोणचा, शेवटून दुसऱ्यातला?”

“तोच.”

“मंग थांबा, अजून एक कडवं हे त्याला.”

सगळ्या रांगेला तो खोकला ठाऊक होता. हंगामभर याच्या मागेपुढे उभं राहून त्यांना अल्बम पाठ झाला होता. कुणीतरी म्हणालं, “ते खोकले का मी डबा सोडतो.” एकेक इंजिन बंद होत गेलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, विंचूरला जाऊन विचारा: त्या दिवशी मार्केट असं गप्प झालं, की कांद्याची सालं सुटल्याचा आवाज येत होता.

अण्णा कडव्यावर आले. बायकोने हातातला तांब्या वर धरला. पहिला ठसका आला, दुसरा आला, पखवाज चालू, घोटभर जागा झाली—

आणि माझा फोन वाजला.

“नमस्कार सर! मी ग्राहक सेवेतून वरिष्ठ बोलतोय. सासऱ्यांच्या खोकल्याबद्दल—”

टण्ण कधी वाजला कुणाला कळलंच नाही. अण्णा पुढच्या ओळीवर निघूनही गेले. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. बायको उतरली नाही, ओरडली नाही. तिने फक्त हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला. तिने मागे वळून तो ट्रॉलीतल्या कांद्यांत कोपरापर्यंत खुपसला. आतून वरिष्ठांचा आवाज येत राहिला: “हॅलो? सर, ऐकू येतंय का?”

“मागं घे,” ती भावाला म्हणाली.

मेव्हण्याने पान्याचं टोक घालून बटण दाबलं. टेप किरकिरला, पट्टी मागे गेली. मी जीव मुठीत धरून उभा, कारण ती पट्टी आता अण्णांपेक्षाही म्हातारी झालेली. आणि लागला बघा अभंग. कडवं. ठसका. ठसका. घोट. टण्ण.

तिने तांब्या ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला. जरा जोरातच ठेवला. मग दोन्ही भावंडं एकमेकांकडे बघून अशी हसली, की मी तिथे नसतो तरी चाललं असतं.

“झालं का ओ, ताई?” मागचा विचारत होता. “लावू का चालू?”

“लावा.”

सगळी इंजिनं पुन्हा धडधडली. मी हळूच म्हटलं, फोन काढून आत्ताच रेकॉर्ड करून घेऊ, म्हणजे कायमचं— तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य तिथेच सोडलं. ते अजून तिथेच आहे.

लिलाव आमच्या ट्रॉलीपाशी आला. व्यापाऱ्याने माल बघायला कांद्यांत हात घातला, आत चाचपलं, आणि हातात माझा फोन घेऊन वर आला. त्यातून अजून बासरी वाजत होती.

“हा कोणता माल?” त्याने विचारलं.

“त्यो दाजींचा,” मेव्हणा म्हणाला. “त्याला भाव नका देऊ. टिकत नाय.”